मायनिंगच्या खोलीतला कूलर

मित्रांनो, मी कूलर आहे. जुना, पत्र्याचा, चार पायांवर उभा असलेला. त्यातला एक पाय तुटून आखूड झालाय, तो विटेवर टेकवलाय. नेरच्या एका वर्कशॉपात माझा जन्म झाला. पत्रा ठोकून झाल्यावर मिस्तरीनं माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "हा वीस उन्हाळे हलत नाही." मला चौदा झालेत. त्याचा शब्द मी अजून राखला आहे, आवाज तेवढा थोडा वाढलाय.

इंदूबाईंनी मला घरी आणलं तेव्हा सारी गल्ली पाहायला आली होती. पहिल्या दुपारी माझ्यासमोर सात जण झोपले होते, आणि त्यातले चार शेजारचे! पुढं नवेपण ओसरलं. होळी झाली की मला मागच्या पडवीतून बाहेर काढायचं, धुवायचं, बाजूच्या ताट्यांमध्ये नवं गवत भरायचं आणि पावसाळा लागला की परत पडवीत, वर तुरीची रिकामी पोती. तक्रार नाही. वर्षातले चार महिने कामाचे असले की बाकीचे आठ झोपेत जातात.

माझ्याकडं सगळ्यांत बारीक लक्ष दिलं ते निकितानं. ती या घरची सून, इंदूबाईंच्या थोरल्या मुलाची, गोपालची बायको. यवतमाळच्या कॉलेजात शिकलेली. तिची लेक सुरभी दहा महिन्यांची आहे. सुरभी रांगायला लागल्यापासून निकिता मला रोज तपासते. पायात चप्पल घालून, हाताची मागची बाजू पत्र्याला लावून पाहते, करंट तर येत नाही ना! मागच्या जाळीत बोट जाईल एवढी फट दिसली, तर तिनं ती तारेनं विणून टाकली. दर चार दिवसांनी पाणी बदलते, डासांच्या भीतीनं. मित्रांनो, हे कौतुक नव्हतं, हा संशय होता. पण खरं सांगू? मला तो फार आवडायचा.

आणि सुरभी! मी सुरू झालो की ती माझ्या घरघरीत आपला सूर मिसळून "हूऽऽऽ" करायची आणि स्वतःच हसायची. दुपारभर तिला झोपवणं हे माझं काम. तेवढ्या वेळात निकिताचा जेवणाचा घास सुखानं पोटात जायचा.

एप्रिलात धाकट्या अतुलनं एक यंत्र आणलं. कॉम्प्युटरच, पण उघडा सांगाडा, त्यात ओळीनं लावलेली कार्डं आणि छोटे छोटे पंखे. जगभरची असली यंत्रं एकाच वेळी एक अवघड गणित सोडवायला धावतात. ज्याचं आधी सुटतं त्याला आभासी नाणं मिळतं, बाकीच्यांची वीज नुसती गरम हवा होऊन जाते. या खटाटोपाला म्हणतात मायनिंग. म्हणजे खाणकाम.

इंदूबाईंनी विचारलं, "काय करून राह्यला रे दिवसभर?"

"मायनिंग करून राह्यलो, माय."

झालं! आमच्या जिल्ह्यात मायनिंगचा अर्थ एकच. वणीकडची कोळशाची खाण, डोक्यावर टोपी, पक्की नोकरी. इंदूबाईंनी संध्याकाळच्या आत गल्लीभर पेढे वाटले. "माया अतुल मायनिंगमध्ये लागला बरं!" तो घरातून बाहेर पडत नाही, तर मग खाणीत जातो कधी, हा प्रश्न त्यांना पडला नाही. त्यांना वाटलं, आधी घरी अभ्यास करवून घेत असतील.

यंत्र मात्र फार तापायचं. एक दिवस अतुल मला ओढू लागला.

"वहिनी, कूलर दोन दिवस आत नेतो. मशीन बंद पडून राह्यली."

"आणि ही? हिच्या मानेवरच्या घामोळ्या बघा, भाऊजी."

"दोनच दिवस न!"

दोन दिवसांचे तीन आठवडे झाले. बाहेर अंगणात तापलेली माती, बाहेरच्या खोलीत घामेजलेली सुरभी, आणि मी आत, लोखंडी सांगाड्याला वारा घालतोय. त्याला कितीही वारा घाला, तो हसत नाही, "हूऽऽऽ" करत नाही. उलट गरम श्वास माझ्याच तोंडावर सोडतो. माझं पाणी दुपटीनं आटायचं. निकिता बादली ओतताना पुटपुटायची, "लेकराच्या वाट्याचं पाणी डब्याला पाजतोय आपण." मला फार अपराधी वाटायचं. पण बटण माझ्या हातात कुठं असतं?

मेच्या मध्यावर एका दुपारी पाहुणे आले. वामनराव. वणीकडच्या खाणीत आयुष्यभर डंपर चालवून निवृत्त झालेले गृहस्थ. 'मुलगा मायनिंगमध्ये आहे' हे त्यांच्या कानावर गेलं होतं आणि ते आपल्या लेकीसाठी मुलगा पाहायला आले होते.

बाहेरच्या खोलीत बसल्या बसल्या त्यांचा शर्ट भिजला. निकिता एका हातानं सुरभीला मांडीवर धरून दुसऱ्या हातानं वहीच्या पुठ्ठ्यानं वारा घालत होती. आणि आतून माझी घरघर ऐकू येत होती. वामनराव जरा वेळ ऐकत राहिले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "इंदूबाई, आत कोन आजारी हाये?"

"कोनी नाई जी."

"मंग लेकरू इकडं आन् कूलर तिकडं, काहून?"

इंदूबाईंनी आतल्या दाराकडं बोट केलं. त्या म्हणाल्या, "आत अतुलची मायनिंग हाये."

"खान? घरात?"

वामनराव उठले ते थेट आत आले. मागून सगळे. अतुल घाईनं उभा राहिला. त्यानं पाहुण्यांना नीट समजावून सांगितलं, काही लपवलं नाही, हे मी त्याच्या बाजूनं मुद्दाम सांगतो. इंदूबाईंचा चेहरा मात्र उतरत गेला.

"म्हंजे तू वणीले लागला नाई?"

"माय, म्या कधी म्हटलं तसं?"

"आन् मी गावभर पेढे वाटले रे बाप्पा!"

वामनरावांनी यंत्रामागं तळहात धरला आणि चटका बसल्यासारखा मागं घेतला. मग ते हसायलाच लागले. "चूक नाई हो तुमची, इंदूबाई. हा तं आमचाच कोयसा हाये. आमी खनला, वीजकेंद्रात जळला, तारेतून इथं आला. पोरगा खानीतच लागला, फक्त उन्हात आमी होतो."

अतुल खजील झाला, पण हार मानणारा नव्हता. "काका, सोन्यापेक्षा तरी बरं न हे? एका अंगठीच्या सोन्यासाठी टनानं दगड फोडतात. डोंगर जाते, जंगल जाते. मंग त्या भुकटीवर विषारी पानी सोडतात, थे नदीत उतरते. माया मशीननं कोनता डोंगर फोडला?"

"वणीले ये," वामनराव म्हणाले. "खड्डा दाखवतो. माया गावाचं शिवार होतं तिथं. तुया एकट्याचा नाई तो, खरं हाये. पन तुयाही वाटा हाये."

तेव्हा निकिता बोलली. सुरभीला झोका देता देता ती गेले तीन आठवडे हेच फोनवर वाचत होती.

"भाऊजी, तुम्ही सोन्याचं म्हणता ते खोटं नाही. पण पाठीमागं उरतं काय, ते पाहा. आईंच्या गळ्यातली एकदाणी त्यांच्या आजेसासूच्या सोन्याची आहे. तीनदा मोडून घडवली, सोनं तेच. एकदा डोंगर फुटला, पण चार पिढ्या पुरला. तुमचं मशीन रोज नवा कोळसा खातं. आणि खाटेखाली काय आहे?"

खाटेखाली दोन जळालेली कार्डं होती. एप्रिलातच आणलेली, महिनाभरात निकामी झालेली.

इंदूबाईंनी गळ्यातली एकदाणी चाचपली आणि एकदम खुलल्या. "पाह्य! म्हनूनच म्हनत होती, सुरभीच्या वाढदिवसाले नव्या सोन्याच्या मनगट्या घेऊ."

"नवं सोनं घेतलं की नवा डोंगर फुटतो, आई," निकिता हसून म्हणाली. "तुमचं एक जुनं डोरलं मोडू. मनगट्या त्यातच होतील."

वामनराव खो खो हसले. "घ्या! सूनबाईनं दोघायच्याही खाना एका दमात बंद केल्या."

अतुलनं खाटेखालची कार्डं उचलली, उलटसुलट करून पाहिली. म्हणाला, "काही नाण्यांनी रीत बदलली, वहिनी. आता त्यांचं गणिताचं धावणंच नाही, वीज अगदी थोडी लागते."

"मग तुमचं कोणतं?"

"धावायचं," तो कसनुसा हसला. मग सुरभीच्या लाल झालेल्या मानेकडं त्याची नजर गेली. वाकून त्यानं यंत्राचं बटण बंद केलं. छोटे पंखे एकेक करून थांबले. पुढच्या क्षणी, मित्रांनो, माझे दोन पाय त्यानं उचलले, दोन वामनरावांनी. वीट इंदूबाईंनी आणली.

बाहेरच्या खोलीत मला लावल्यावर निकितानं आधी चप्पल घातली, बटण दाबलं, हाताची मागची बाजू माझ्या पत्र्याला लावली, मगच सुरभीला माझ्यासमोर ठेवलं. सुरभीनं डोळे किलकिले केले. "हूऽऽऽ," ती म्हणाली. चौदा वर्षांत मला असा मान कुणी दिला नव्हता.

सोयरीक जुळली. 'खरं बोलनारा पोरगा हाये' एवढंच वामनराव म्हणाले. अतुलनं यंत्रातले चांगले भाग काढून एक साधा कॉम्प्युटर बनवला आणि आता तो स्टँडजवळ लोकांचे शेतीचे ऑनलाइन अर्ज भरतो. इंदूबाई मात्र गल्लीत सांगतात, "अतुलनं मायनिंग सोडली." लोक हळहळतात. "अरे बापा, एवढी पक्की नोकरी!" इंदूबाई काही समजावत बसत नाहीत. म्हणतात, पेढे तं सगळ्यांनी खाल्ले न, झालं.

मित्रांनो, मी पत्र्याचा. मीही कुठल्यातरी खाणीतूनच आलो आहे, आणि माझ्या तारेतही तोच कोळसा वाहतो. मला शहाणपण शिकवण्याचा हक्क नाही. पण लोखंडाला वारा घातलेले ते तीन आठवडे मला विसरता येत नाहीत. म्हणून एवढंच मागतो. घरात कुठलीही नवी वस्तू आली, ती चमकणारी असो की गुणगुणणारी, तर वामनरावांसारखा तिच्यामागं एकदा हात धरून पाहा. कुठला डोंगर, कुठलं पाणी तिच्यात तापतंय, ते हाताला कळेल. आणि जुनं जे आहे ते जपा, दुरुस्त करा, पुन्हा घडवा.

माझं पाणी तेवढं चार दिवसांनी बदला. आणि विटेवरचा पाय हलतोय, तो कुणीतरी एकदा पाहा. मिस्तरीनं दिलेल्या शब्दाचे अजून सहा उन्हाळे बाकी आहेत आणि सुरभी आता उभी राहायला लागली आहे, माझ्याच पत्र्याला धरून.