जीव रस्त्यातच रमला

एलिसेओ पानिरे मेलेला नाही, ही गोष्ट कालामाच्या ट्रकवाल्यांना जरा उशिरा कळली.

त्यात तसा कुणाचाच दोष नव्हता. आपल्या चिउ चिउ गावची गाजरं घेऊन एलिसेओचा ट्रक कालामाला निघाला होता, तो माळावरच्या वळणावर कलंडला. एलिसेओला आधी कालामाला नेलं आणि तिथून तडक समुद्राकाठच्या मोठ्या इस्पितळात. मागून धापा टाकत आलेल्या ट्रकवाल्यांनी दारावरच्या माणसाला विचारलं, पानिरे कुठेय? तो म्हणाला, "पानिरे? तो गेला." गेला म्हणजे समुद्राकाठी, अँतोफागास्ताला गेला. पण एवढं लांबलचक नाव घ्यायचा त्याला कंटाळा आला. ट्रकवाल्यांनी टोप्या काढल्या.

आता रस्त्यावर गेलेल्या माणसासाठी जिथे गेला तिथेच एक छोटंसं घर बांधायचं, म्हणजे त्याचा आत्मा उघड्यावर पडत नाही, ही तिकडची रीत. एरवी हे ट्रकवाले टायर बदलायलाही चार दिवस लावतात. पण एलिसेओने इस्पितळात डोळे उघडले तोवर त्याचं घर बांधून, गिलावा होऊन, निळा रंग लागून वर पत्राही चढला होता. आत त्याचा फोटो, कागदी फुलं आणि ट्रकचं स्टिअरिंग. बाहेर पाटी: 'उगाच हॉर्न न वाजवणारा मित्र.'

खरं कळल्यावर सगळे द्राक्षं घेऊन भेटायला आले आणि खाली मान घालून बसले. पाडू म्हणाले. पण पाडलं नाही, कारण तोवर घराला गिऱ्हाईक लागलं होतं. येणारे-जाणारे तिथे पाण्याच्या बाटल्या ठेवत, गाजरांच्या जुड्या वाहत आणि नवस बोलत. 'गाजरवाला मयत' पावतो, अशी ख्याती झाली.

इकडे खुद्द गाजरवाल्याला मात्र काहीच पावत नव्हतं. बरगड्या जुळल्या, पण झोप गेली ती गेली. खाल्लेलं पुठ्ठ्यासारखं लागे. ट्रकमध्ये बसला की हाताला असा घाम सुटे की किल्ली निसटायची. मग तो उतरायचा आणि टायर तपासायला उतरलो असं दाखवायचा. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. गोळ्यांनी झोप आली नाही, फक्त जागरण जरा संथ झालं.

क्रिसान्ता आत्याने त्याला एकदाच नीट न्याहाळलं आणि सांगितलं की भीतीने जीव उडाला तो तिथेच राहिलाय. यात नवल काही नव्हतं. पोर पडलं, कुत्रं अंगावर आलं, की जीव मागे राहतो. अंगातला सदरा घेऊन जायचं, हाका मारत चालत घरी आणायचं. गाडीने नाही, जिवाला गाडी लागते. आणि वाटेत मागे वळून बघायचं नाही.

"पण तुझं प्रकरण अवघड आहे," आत्या म्हणाली. "बाकीच्यांचे जीव उघड्यावर कुडकुडत असतात, हाक मारली की पळत येतात. तुझ्या जिवाला घर आहे. वर पत्रा आहे. लोक पाणी आणून देतात, गाजरं आणून देतात. मेला रमलाय तिथे. तो कशाला येतोय?"

"मग?"

"मग तू असाच."

असाच म्हणजे कसा, हे एलिसेओला चांगलं ठाऊक होतं. ऑगस्ट लागला होता, धरणी तोंड उघडून नैवेद्य घेते तो महिना. आत्याच्या मते आता नाही तर मग नाहीच. म्हणून एका सकाळी दोघं पहिल्या बसने निघाले आणि वळणापाशी उतरले. आत्याच्या पिशवीत कोकाची पानं, थोडी वाईन, भाकरी, भाजलेलं पीठ आणि एलिसेओचा न धुतलेला सदरा.

घरापुढे एक बाई आधीच गुडघे टेकून बसली होती. तिने बाटली ठेवली, गाजरांची जुडी ठेवली, मागची सुकलेली जुडी उचलली. नाव नोएमी, कालामाची, दर आठवड्याला येणारी. आत्याने विचारताच तिने सगळं सांगून टाकलं. नवरा घोरायचा. साधं नाही, खिडकीची तावदानं हलायची. अकरा वर्षं तिच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. शेवटी गाजरवाल्याला साकडं घातलं आणि पंधरा दिवसांत नवऱ्याला रात्रपाळी लागली. तेव्हापासून ती ढाराढूर झोपते.

आत्या पुतण्याकडे वळली. "बघ. तुझी झोप इथे वाटली जातेय."

मग खरं सांगणं भाग पडलं. नोएमीबाईंनी एलिसेओकडे पाहिलं, फोटोकडे पाहिलं, पुन्हा एलिसेओकडे पाहिलं.

"फोटोत बरा दिसतोस," त्या म्हणाल्या. जरा वेळाने त्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे मी इतके दिवस जित्या माणसाला गाजरं वाहिली? आणि आता तू त्याला घेऊन जाणार. मग माझ्या झोपेचं काय?"

जिवंत असल्याबद्दल माफी कशी मागतात हे एलिसेओला कुणी शिकवलं नव्हतं. पण आत्याने तोडगा काढला. जीव आम्ही नेतो, घर इथेच राहू दे. या रस्त्यावर बेघर मयत काय कमी आहेत, संध्याकाळपर्यंत कुणी ना कुणी राहायला येईल आणि नव्या घरात येणारा जरा जास्तच पावतो. नोएमीबाईंनी विचार केला आणि अट घातली की फोटो राहू द्यायचा. त्यांना त्या तोंडाची सवय झाली होती.

एलिसेओ बाटल्यांकडे बघत होता. घराभोवती रांगा लागल्या होत्या. ऊन खाऊन काहींचं प्लास्टिक पांढरं पडलं होतं. ज्या काळात तो छताकडे बघत पडून आपण कुणाच्या खिजगणतीत नाही असं समजत होता, त्याच काळात ही अनोळखी बाई दर आठवड्याला बसचे धक्के खात त्याला तहान लागू नये म्हणून येत होती. नोएमीबाईंनी आत्ताच ठेवलेली बाटली त्याने उचलली.

"मयताचं पाणी पिऊ नये," बाई घाईने म्हणाल्या.

"अहो, त्याच्याच नावाचं आहे," आत्या म्हणाली.

तो उभ्या उभ्या सगळी बाटली प्यायला. पाण्याला चव होती. गार होतं, थोडं खारट होतं आणि चांगलं होतं. नोएमीबाई बघत राहिल्या. आजवर इतके देव झाले, पण आणलेलं पाणी समोर पिऊन दाखवणारा हा पहिलाच, असं त्या पुढे कित्येकांना सांगत होत्या म्हणे.

"बाई, तुमचे फार उपकार झाले," एलिसेओ म्हणाला.

"असू दे," त्या म्हणाल्या. "जप आता."

आत्याने कोकाची पानं जमिनीवर ठेवली, वाईन शिंपडली, सदरा घरावरून फिरवून त्याची एक बाही एलिसेओच्या हातात दिली. सदरा मागे फरफटत न्यायचा, जिवाला धरायला दुसरी बाही मोकळी. तिने हाक मारली, "एलिसेओ, चल घरी." आणि त्याने म्हणायचं होतं, "आलो."

डांबरी रस्ता त्यांनी सोडला. ट्रकच्या आवाजाने जीव बिचकला असता. माळावर ना झुडूप ना पाखरू. तपकिरी जमीन, वर मिठाची पातळ खपली. पाऊल पडलं की पापड मोडल्यासारखी मोडायची. समोर सान पेद्रोचा ज्वालामुखी डोंगर बारीक धूर सोडत बसलेला, आणि तो काही केल्या जवळ येत नव्हता.

"एलिसेओ, चल घरी."

"आलो."

सुरुवातीला त्याला लाज वाटत होती. मोठा बाप्या, हातात मळका सदरा, स्वतःलाच ओ देत चाललाय. पण लाज वाटायला बघणारं कुणीतरी लागतं, आणि इथे चहूबाजूला नुसतं आभाळ होतं. थोड्या वेळाने लाज आपसूक गळली. मग मागे बघायची इच्छा झाली. मान अशी आखडली की दुखायला लागली. ती इच्छाही गेली. मग वळण आठवलं, कलंडणारी केबिन, माळभर उधळलेली केशरी गाजरं. आत्या हाक मारत होती, तो ओ देत होता, आणि दोन हाकांच्या मधे भीतीला पुरेशी जागा मिळेना. हळूहळू उरलं ते एवढंच: खपली मोडल्याचा आवाज, सदरा घासल्याचा आवाज, आपला श्वास. मधेच पायाखालच्या दगडाचा हिरवा रंग दिसला. तांब्याचा. जन्मभर या माळावरून गाडी हाकली, पण इथले दगड हिरवे आहेत हे त्याला ठाऊक नव्हतं.

एकदा हातातला सदरा जड झाल्यासारखा वाटला. काट्यात अडकला असेल म्हणावं, तर काटेच नव्हते.

दुपारी वारा सुटला तेव्हा ते लोआ नदीच्या खोल घळीपाशी पोचले होते. एका कातळाच्या आडोशाला, गावाकडे तोंड करून बसले. आत्याने पिठात पाणी कालवून त्याला दिलं. त्याने भांडं पुसून खाल्लं आणि भाजक्या पिठाला असा वास कधीपासून येतो, असं विचारलं. आत्या म्हणाली, पहिल्यापासून.

मग तिने पुन्हा हाक मारली, "एलिसेओ, चल घरी."

उत्तर नाही. तिने पुन्हा मारली. तिसऱ्यांदा मारली. इथवर येऊन जीव परत फिरला असेल तर? मागे बघायचं नाही, पण बाजूला बघायला मनाई नव्हती. तिने हळूच मान वळवली. एलिसेओ कातळाला टेकून, तोंड उघडं टाकून, सदऱ्याची बाही मुठीत धरून गाढ झोपला होता. बरगड्या वर जात होत्या, खाली येत होत्या, सावकाश, कसलीही घाई नसल्यासारख्या.

आत्याने हाका थांबवल्या. ऊन सरकून त्याच्या तोंडावर आलं तशी ती उठून त्याच्यापुढे उभी राहिली. ऊन सरकलं तशी तीही सरकली. गुडघ्यांनी कुरकुर केली, तिने लक्ष दिलं नाही.

तो जागा झाला तेव्हा डोंगर गुलाबी झाले होते. समोर आत्या, मागची वाट दिसू नये म्हणून टोपी डोळ्यांवर ओढून, राखणदारासारखी उभी, मान भाजून लाल झालेली. काय झालं ते त्याला एका क्षणात कळलं. तो तिचे आभार मानायला लागला.

"मला नको सांगू," आत्या म्हणाली. "तिला सांग." आणि पायाने जमीन दाखवली.

एलिसेओने तळहात जमिनीवर टेकला. दिवसभराचं ऊन तिच्यात मुरलं होतं. निजलेल्या जनावराच्या पाठीसारखी ती ऊबदार लागली. काय म्हणतात ते त्याला सुचेना, म्हणून तो पहिल्यापासून सांगत सुटला. ट्रक एकदाच कलंडला, दुसरी कोलांटी घेतली नाही, त्याबद्दल. बरगड्यांबद्दल. नोएमीबाईंबद्दल, त्यांच्या पाण्याबद्दल. चुकीचं ऐकून का होईना, रडत रडत वाळू-सिमेंट कालवणाऱ्या मित्रांबद्दल. पिठाच्या वासाबद्दल. आत्याच्या मानेबद्दल. मग हिरव्या दगडांबद्दल, आणि मग समोर दिसत होतं त्या एकेका गोष्टीबद्दल.

आत्याने बराच वेळ ऐकून घेतलं. मग पिशवी खांद्याला लावली आणि म्हणाली की उरलेलं चालता चालता सांग, जमीन पुढेही आहेच.