पूरक आहार

भाचीच्या पत्राला मी उत्तर दिलंच नव्हतं. तिने आणि जावयांनी वर्षावनाच्या कडेला पाहुण्यांसाठी निवास काढला होता, आणि दारावर ‘पर्यावरणपूरक’ अशी पाटी लावायची होती. त्यासाठी पर्यटन संस्थेला एखाद्या अभ्यासकाचं लेखी मत हवं होतं. ‘मामा, तुम्हीच लिहा. पाटी नसेल तर यंदाही खोल्या रिकाम्या राहतील, आणि मग हे सगळं विकावं लागेल.’

मी वनस्पतिशास्त्र शिकवलं, पण बरंचसं पुस्तकातूनच. आपण कोण मत देणारे, या विचारात पत्र टेबलावर पडून राहिलं. शेवटी तिचा फोन आला, तेव्हा निमूटपणे पिशवी भरली.

निवास नीटनेटका होता. दिवे सौर, सांडपाणी केळींच्या वाफ्यात. जावई पुढे पुढे होऊन नळ सोडून दाखवत होते.

“मामा, परीक्षेला बसल्यासारखं वाटतंय. पास करा बुवा!”

“मामांनी मला कधी अर्धा मार्क वाढवून दिला नाही,” भाची म्हणाली, “तुम्ही कुठले लागून गेलात?”

व्हरांड्यासमोरच्या लाकडी चौथऱ्यावर तिने पपईच्या बियांसकट फोडी मांडल्या. जरा वेळाने मोठ्या चोचीचे धनेश पक्षी उतरले. पाहुण्यांनी फोटो काढले.

“हे कशाला गं?”

“पूरक आहार, मामा! म्हणून तर पर्यावरणपूरक.”

मी हसलो. ती हसली नाही. ती थट्टा करत नव्हती.

दुपारी पायवाटेने आत गेलो. धनेश रानातली फळं खातात आणि त्यांच्या बिया लांबवर टाकतात. जंगल असंच पसरतं. ते ज्या उंच झाडावर बसत, त्याच्याखाली मी रानरोपं शोधली. पपईचीच दाटी होती.

“मग, मामा?” जेवताना तिने विचारलं.

“लिहून पाठवतो,” मी ताटात बघत म्हणालो.

घरी आल्यावर दोन-चार कागद फाडले. मग लिहिलं:

‘पूरक म्हणजे उणीव भरून काढणारं. धनेशांना खायला कमी नव्हतं. पाहुण्यांना धनेश कमी पडत होते. बाकी सगळं चांगलं आहे, पण आज माझं मत “नाही” असंच आहे, आणि संस्थेलाही तेच कळवतो आहे. पपई बंद कर, रोपं उपट. पक्षी रानात परतले की बोलाव, पुन्हा बघायला येईन. रागावलीस तरी येईन.’

कोपऱ्यावरच्या पेटीत पाकीट टाकलं. ते आत पडल्याचा आवाज आला, तरी हात थोडा वेळ फटीतच होता.