लोखंडी आणि कापसाचे

बाबांनी जगातल्या बॉक्सरांच्या दोनच जाती ठरवल्या होत्या, लोखंडी आणि कापसाचे. लोखंडी म्हणजे त्यांच्या काळचे. कापसाचे म्हणजे नंतर जन्माला आलेले सगळे, पोटच्या पोरासकट.

एके काळी ते ‘हातोडा’ या नावानं गाजले होते. आता घास तोंडापर्यंत नेताना चमचा थरथरायचा, जीभ जड झाली होती, सकाळचं संध्याकाळी आठवत नव्हतं. पण कुठल्या लढतीत कोणाचा जबडा निखळला ते विचारा, घडाघडा सांगायचे. त्यांची जिम आता थोरली लेक चालवत होती, आणि धाकटा मुलगा तिच्याच हाताखाली लढायला शिकला होता.

“आम्ही पंधरा राउंड उभे राहायचो,” जेवताना बाबांची टकळी सुरू व्हायची. “आणि हे ग्लोव्ह कसले, उशा आहेत उशा!”

थोरली ऐकून घेणाऱ्यातली नव्हती. “तुमचे लोक एक ठोसा मारून दुसऱ्याचा विचार करत बसायचे, बाबा. तेवढ्यात आजचा पोरगा चार मारून बाजूला झालेला असतो.”

“मारतो कसला, गुदगुल्या करतो!”

धाकटा खो खो हसायचा. आई मात्र हा विषय निघाला की भांडी उचलून आत जायची.

मग धाकट्याची आजवरची सगळ्यात मोठी लढत आली. गुणांवर तो पुढे होता. शेवट जवळ आला असताना कानशिलावर एक ठोसा बसला. तो पडला नाही. पण घंटा झाल्यावर समोरच्याच्याच कोपऱ्याकडे चालू लागला. पंचानं त्याला वळवून आणलं. थोरलीनं त्याला स्टुलावर बसवलं, तोंडावर पाणी मारलं.

“कितवा राउंड झाला रे?”

“संपली ना लढत?” तो गोड हसत म्हणाला.

तिनं पंचाला हात केला आणि लढत सोडून दिली.

पुढच्याच खुर्चीत बसलेले बाबा थरथरत उठले. “माझ्या कोपऱ्यात तू असतीस,” सगळ्यांदेखत ते म्हणाले, “तर मी आयुष्यात एक लढत जिंकलो नसतो.”

डॉक्टरांनी तपासून सांगितलं, आज तरी काही दिसत नाही. हेच धाकट्याला पुरलं. “काहीच झालं नव्हतं मला, ताई. तोंडातला घास काढून घेतलास तू.” तो दुसऱ्या प्रशिक्षकाकडे जाऊ लागला. एका ताटात जेवणारी भावंडं आता एकमेकांशी बोलेनाशी झाली. थोरलीला रोज वाटायचं, आपण खरंच घाई केली का?

एका सुट्टीच्या दुपारी धाकटा हसतमुखानं आला. बाबांच्या सगळ्यात गाजलेल्या लढतीचं जुनं चित्रण त्यानं कुठूनतरी मिळवलं होतं. “बघ ताई,” टीव्हीला जोडत तो म्हणाला, “लोखंड कसं असतं ते बघ.”

आई त्या दिवशी आत गेली नाही. दाराला टेकून बसली.

पडद्यावर तरणेबांड बाबा उतरले, आणि थोरली बघतच राहिली. काय ते कमरेतून झुकणं! खांद्याला जराही चाहूल लागू न देता सुटणारा तो आखूड ठोसा! तिच्या जिममधल्या एकाही पोराकडे तो नव्हता. आपण इतकी वर्षं उगाच वाद घातला, असं तिला मनापासून वाटलं.

मग लढत लांबली. बाबांचे डोळे सुजून मिटले. प्रत्येक ठोशाला मान मागे जाऊन कशीबशी परत येत होती. घंटा झाली की कोपऱ्यातला माणूस गालांवर चापट्या मारायचा आणि बगलेत हात घालून पुन्हा उभं करायचा. लोक उभे राहून ओरडत होते.

बाबा खुर्चीत चुळबुळू लागले. “कोण आहे रे हा?”

“तुम्हीच की, बाबा!”

त्यांनी ऐकलं नाही. “थांबवा त्याला. पोरगा उभ्या उभ्या झोपलाय. अरे, याच्या घरचं कोणी नाही का तिथे?”

धाकट्याचं हसू मावळलं.

“मी होते,” दाराशी बसलेली आई म्हणाली. “पहिल्या रांगेत. थोरलीच्या वेळी दिवस गेले होते मला. जिंकले, हार घातले लोकांनी. आणि परत येताना गाडीत मला म्हणाले, बाई, तुम्हाला कुठे सोडायचं?”

थोरलीनं आईकडे वळून पाहिलं.

“सकाळी आठवलं सगळं. मग मीही गप्प बसले. जिंकून आलेल्या माणसाला काय सांगायचं?”

धाकट्यानं टीव्ही बंद केला. बाबा अजून काळ्या पडद्याकडेच बघत होते. “जिंकला का तो पोरगा?”

“जिंकला, बाबा.”

“बरं झालं. आता घरी न्या त्याला.”

त्यांना आत नेऊन निजवल्यावर धाकटा आईजवळ जमिनीवर बसला. “तू ओरडली का नाहीस, आई? थांबवा म्हणून?”

“ओरडले रे,” आई म्हणाली. “पण तिथे सगळेच ओरडत होते.”

धाकट्यानं बहिणीकडे पाहिलं, पण माफी मागितली नाही. तिलाही ती नको होती. ती उठून त्याच्यासाठी पाणी घेऊन आली, इतकंच.

त्या वर्षी त्यानं एकही लढत घेतली नाही. बाबांना अंघोळ घालणं, भरवणं, रात्री कूस बदलून देणं, सगळं त्यानं केलं. शेवटी शेवटी बाबा त्याला प्रतिस्पर्धी समजून मुठी आवळायचे, आणि तो गुपचूप हात खाली सोडून उभा राहायचा. ते गेल्यावर तो पुन्हा रिंगमध्ये उतरला, बहिणीच्या कोपऱ्यातून. आई बघायला आली. पहिल्या रांगेत मानानं ठेवलेली खुर्ची तिनं नाकारली आणि कोपऱ्यामागे, हात लांबवला तर लेकीच्या पाठीला लागेल अशी जागा मागून घेतली.