अकरा तासांचा रस्ता

तिने गिअर बदलला, तसा शेजारी बसलेल्या वडिलांचा डावा पायही आपोआप खाली दाबला गेला. तीस वर्षं ट्रक चालवलेला माणूस. निवृत्त झाला तरी पाय कुठे ऐकतात!

"विमानाने पन्नास मिनिटं," ती तिसऱ्यांदा म्हणाली. "तिकिटंही काढली होती. आता बसा आठ तास."

"विमानातून काय दिसतं? नुसता कापूस."

ती हसली नाही. घर आवरायचं आणि वडिलांना कायमचं आपल्या शहरात न्यायचं, एवढंच तिने ठरवलं होतं. हा रस्ता तिला नको होता. बरोबर मध्यावर तिची शाळा होती. आई गेली तेव्हा ती नऊ वर्षांची होती, आणि घरी बघणारं कुणी नाही म्हणून तिला तिथल्या वसतिगृहात ठेवलं होतं. वडील आठवड्यातून दोनदा शाळेवरून ट्रक नेत, पण चार वर्षांत भेटायला आले एकदाच. त्या भेटीनंतर तिने तीन दिवस अन्नाला हात लावला नव्हता. पुढे ते फक्त सुट्टीत न्यायला यायचे. हे तिने कधी बोलून दाखवलं नव्हतं, पण विसरलीही नव्हती.

"तुम्हाला तेव्हा किती वेळ लागायचा?"

"अकरा तास. कधी साडेअकरा."

"त्यात पाच मिनिटं थांबता आलं नाही कधी."

बोलून गेल्यावर तिने जीभ चावली. शाळेची भिंत दिसली, तसं वडिलांनी समोरच्या चहाच्या टपरीकडे बोट दाखवलं.

टपरीवरची म्हातारी आधी डोळे बारीक करून बघत राहिली, मग लगबगीने उठली.

"ड्रायव्हरदादा! आहात कुठे इतकी वर्षं? आणि ही कोण, आपली गोलकीपर?"

म्हातारीने दोघांच्या हातात चहाचे कप दिले. मुलगी तिच्याकडे बघतच राहिली.

"अगं, बघतेस काय अशी? चारला तुम्ही पोरी मैदानात यायच्या, आणि हे साडेतीनलाच इथे हजर. वाटेत जेवणं नाही, झोप नाही, नुसती गाडी दामटायची आणि इथे दोन-दोन तास उभं राहायचं. तू गोल अडवलास की सगळ्या टपरीला यांच्याकडून चहा. मी म्हणायचे, देवा, पोरगी रोज जिंकू दे!"

तिने वडिलांकडे पाहिलं. ते कपात बघत होते.

"मला भेटला का नाहीत?"

"वसतिगृहाच्या बाई म्हणाल्या, तुम्ही दिसलात की पोर जेवत नाही."

समोरचं मैदान रिकामं होतं. गोलच्या खांबांचा रंग उडाला होता.

"मी गोलकीपर का झाले, माहीत आहे? तिथून रस्ता दिसायचा. खेळ सोडून मी ट्रकच बघत असायचे."

"माहीत आहे की," वडील चहा फुंकत म्हणाले. "म्हणून तर ट्रक वळणामागे लावायचो आणि टपरीच्या या पडद्याआड उभा राहायचो. नाहीतर सगळेच गोल खाल्ले असतेस."

पुढे अजून चार तासांचा रस्ता होता. तिने गाडीची किल्ली पर्समध्ये टाकली आणि म्हातारीला आणखी दोन चहा सांगितले.