डावीकडची अक्षरं

नवा कर्नल टाकून गौरीशंकरनं लॅपटॉप पुन्हा सुरू केला आणि कान देऊन बसला. आतला पंखा फिरला, जरा वेळानं मंदावला. एव्हाना आवाज यायला पाहिजे होता. आला नाही. त्यानं एक कळ दाबली, दुसरी दाबली, आवाज वाढवायची कळ दाबून धरली. काहीच नाही. बाहेर सोलापूरच्या रस्त्यावरनं एक गाडी हॉर्न वाजवत तुळजापूरकडं गेली, तेवढंच काय ते ऐकू आलं.

गौरीशंकरला दिसत नव्हतं. पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत असताना काचबिंदूनं त्याची नजर कडेकडेनं खात आणली आणि तिशी उलटायच्या आत पुरती नेली. तेव्हापासून तो तामलवाडीत, आईवडिलांजवळ. पडद्यावर जे येईल ते लॅपटॉप त्याला वाचून दाखवायचा आणि त्या आवाजावर त्याचं सगळं चालायचं. अंध मुलांसाठी पाठ्यपुस्तकं ऐकण्याजोगी करून द्यायची, आणि ज्यांच्याकडं अशीच लिनक्सवर बोलणारी यंत्रं होती त्यांची अडलेली कामं फोनवर सोडवायची. लिनक्स ही प्रणाली त्यानं मुद्दाम निवडली होती. तिचं सगळं उघडं असतं. बिघडली तर आत हात घालता येतो.

त्या सकाळी भूमहून प्रीतीचा फोन आला होता. तीही डोळ्यांनी अधू, परीक्षा तोंडावर आलेली, आणि लॅपटॉप अगदी ह्याच्यासारखा. "दादा, नवा कर्नल आलाय म्हणतंय. टाकू का?" तिनं विचारलं होतं. "थांब, आधी माझ्यावर बघतो," असं हा म्हणाला होता.

कर्नल म्हणजे प्रणालीचा गाभा. पडदा, कीबोर्ड, स्पीकर, प्रत्येकाशी तो त्याच्या त्याच्या ड्रायव्हरमार्फत बोलतो. गाभा बदलला की एखाद्या ड्रायव्हरचं बिनसतं, हे गौरीशंकरला नवं नव्हतं. पण आवाजाच्याच ड्रायव्हरचं बिनसलं, तर काय बिनसलंय ते यंत्रानं सांगायचं कसं? जुना कर्नल शिल्लक ठेवावा, म्हणजे अडचणीत त्यावर परतता येतं, हे तो सगळ्यांना बजावून सांगायचा. स्वतः मात्र जागा पुरत नाही म्हणून जुना काढून बसला होता.

मोबाइलच्या कॅमेऱ्यानं पडदा वाचून घ्यायचा प्रयत्न त्यानं केला. काळ्या पडद्यावरची बारीक अक्षरं मोबाइलला काही उमगली नाहीत; ऐकू आला तो नुसता कचरा. बहीण शिवप्रिया सोलापूरला शाळेत शिकवायची, ती वर्गावर असणार. राहिले अप्पा.

अप्पांना हाक मारायला त्याला जड गेलं. आई, म्हणजे अव्वा, होती तोवर बापलेकांचं बोलणं तिच्यातूनच व्हायचं. अप्पा तिला म्हणायचे, "गौरीला विचार, चहा घेणार का," आणि गौरी दोन हातांवर बसलेला असायचा. अव्वा गेली आणि मधला तो पूल गेला. आता "जेवलास?" आणि "जेवलो," यापलीकडं दिवस दिवस शब्द नसायचा. रस्त्याकडेचं किराणा दुकान अप्पांनी अव्वाच्या आजारपणात बंद केलं होतं. ती गेल्यावरही ते उघडलं नाही. ओसरीवर बसून असायचे.

"अप्पा, जरा आत येता का? पडद्यावरचं वाचून दाखवायचंय."

अप्पा आले. येताना दाराच्या चौकटीला खांदा आपटला. "माला इंग्रजी येतंय व्हय रं? मॅट्रिकला होती तेवढीच."

"एकेक अक्षर सांगितलं तरी चालतंय."

गौरीनं साध्या काळ्या पडद्यावर जाऊन आपलं नाव आणि पासवर्ड टाकला. बोटांना सगळं पाठ होतं. मग यंत्राला आवाजाचं कार्ड सापडतंय का, हे विचारणारी आज्ञा दिली.

"काय आलंय?"

अप्पांनी चष्मा सावरल्याचा आवाज झाला. बराच वेळ गेला. "एस, ओ, यू, एन, डी... साउंड. साउंडकार्ड्स. मग फाउंड."

"साउंडकार्ड्स फाउंड?"

"व्हय. तसंच हाय."

म्हणजे कार्ड सापडलंय. गौरीला हायसं वाटलं. कार्ड सापडलं, ड्रायव्हर बसला, तर मग आवाज कुठंतरी बंद पडला असणार. तो त्या वाटेनं निघाला. आवाजाची पातळी वाढवून पाहिली, स्पीकर बदलून पाहिला, हेडफोन लावून पाहिला, आवाज सांभाळणारा प्रोग्राम बंद करून पुन्हा चालू केला. प्रत्येक वेळी अप्पा पडद्यावरचं काहीबाही वाचायचे, आणि ते अर्धवट असायचं. वाक्याला शेंडा असायचा, बुडखा नसायचा. गौरी वैतागला. दुपार होत आली. प्रीतीचा पुन्हा फोन आला, तो त्यानं घेतला नाही.

"अप्पा, नीट वाचा की. मधनंच वाचताय तुम्ही."

"जे हाय तेच वाचतोय म्या," अप्पाही तापले. "तुज्या यंत्रालाच धड बोलता येत न्हाय."

अप्पांनी वाचलेल्या तुकड्यांत मघाशी एकदा 'एरर' आलं होतं, ते गौरीला आठवलं. कार्ड सापडलं असेल तर पातळी वाढवायच्या आज्ञेनं ती तक्रार का करावी? दोन्ही खरं असू शकत नव्हतं. अडलेलं सोडवताना तो दुसऱ्यांना नेहमी सांगायचा, की जिथं पक्की खात्री वाटते तिथंच आधी परत जाऊन बघा. त्यानं कार्डाची चौकशी दुसऱ्या वाटेनं केली. पडदा पुसून फक्त एकच ओळ मागवली.

"आता वाचा."

"साउंडकार्ड्स."

"त्याच्या आधी काय हाय?"

"काय न्हाय. तिथनंच सुरू होतंय."

"बोट ठेवा बरं, जिथनं सुरू होतंय तिथं."

अप्पांनी बोट टेकवल्याचा बारीक आवाज आला. गौरीनं हात पुढं केला, लॅपटॉपची डावी कड चाचपली आणि पडद्यावरनं बोटं सरकवत नेली. ओळ अगदी कडेला सुरू होते, हे त्याला माहीत होतं. कड मागं राहिली तरी अप्पांचं बोट लागेना. दोन बोटं आत गेल्यावर ते सापडलं.

त्यानं ते बोट धरलं. सोडलं नाही.

आपली नजर जात होती तेव्हाचं त्याला आठवलं. कंपनीत तो ओळीचा पहिला शब्द गाळायचा आणि गाळलाय हे त्याला कळायचंही नाही. अंधार दिसत नाही त्यात. कडेला काळं नसतं, पांढरं नसतं. तिथं काही आहे हेच माणूस विसरतो. वरिष्ठानं दोनदा चुका दाखवल्या, तेव्हा तो त्याच्याशी भांडला होता.

"अप्पा," तो म्हणाला, "ह्याच्या डावीकडं अजून अक्षरं हायत."

अप्पा पुढं वाकल्याचं त्याला जाणवलं.

"मान डावीकडं वळवा. अजून. आता सांगा."

खुर्ची करकरली. "एन," अप्पा हळूच म्हणाले. "ओ."

नो. नो साउंडकार्ड्स. कार्ड सापडलेलंच नव्हतं. सकाळपासून सापडलेलं नव्हतं. पण गौरीचं आता तिकडं लक्ष नव्हतं.

"कधीपासनं?"

"कशाचं?"

"दुकान अव्वासाठी बंद केलं नव्हतं तुम्ही."

अप्पांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तेल मापाबाहेर सांडाया लागलं," ते म्हणाले. "गिऱ्हाईक बाजूला उभं असायचं अन् माला दिसायचं न्हाय. लोक म्हनले, भीमाशंकर शेठ माजलाय, वळख देत न्हाय. म्हनलं माजलाय तर माजलाय."

"अव्वाला माहीत होतं?"

"तिला कशाला सांगू? तुजं बघून ती आधीच निम्मी झालती."

"मग मला सांगायचं."

"तुला?" अप्पा म्हणाले. "तुला काय सांगू, गौरी? तुजे डोळे गेले तवा डाक्टर म्हनला, ह्ये घराण्यात चालत येतंय, बापाचे बी तपासा. म्या न्हाय गेलो. माज्यात निघालं असतं तर तुला ते म्याच दिलं असं झालं असतं. अन् आता निघालंच की."

गौरीला राग आला. इतका, की उठून बाहेर जावंसं वाटलं. काचबिंदू वेळेत सापडला तर थेंबांवर थोपवता येतो. त्याचा थोपला नव्हता, पण अप्पांचा थोपला असता. इतकी वर्षं फुकट गेली होती. मग त्याच्या मनात आलं, त्या डॉक्टरचं बोलणं आपणही ऐकलं होतं. अप्पांना धरून नेणं आपल्या हातात होतं. आपण आपल्याच अंधारात बुडालो होतो. चौकटीला आपटणारा खांदा रोज ऐकू येत होता आणि आपण त्याला म्हातारपण म्हणत होतो.

"मला तुम्ही काय दिलं न्हाय," तो शेवटी म्हणाला. "जसं तुमच्याकडं आलं तसं माझ्याकडं आलं. उद्या सोलापूरला जायचं."

"आता जाऊन काय व्हनार?"

"गेलंय ते न्हाय यायचं. राहिलंय ते राहील."

अप्पांनी उपरण्यानं नाक पुसलं. मग म्हणाले, "तुजं यंत्र राहिलं की. कोन पोरगी तुज्या फोनची वाट बघतीया."

"राहू द्या आज."

"न्हाय. कर. अक्षर मोठं करता येतंय का त्यात?"

"मोठं केलं तर अजूनच बाहेर जाईल. बारीकच ठेवू. ओळ अरुंद करतो."

कर्नल सुरू होताना जे जे टिपून ठेवतो त्यातनं त्यानं आवाजापुरतं वेगळं काढलं आणि प्रत्येक ओळ मोजक्या अक्षरांवर मोडेल अशी आज्ञा जोडली. शेवटी आपल्याला ठाऊक असलेली ती मधली जागा आठवून सगळं उजवीकडं सरकवलं, पडद्याच्या ऐन मध्यावर. पुण्यातल्या शेवटच्या महिन्यांत तो स्वतःसाठी असंच करायचा.

"आता?"

"आता येतंय," अप्पा म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. "समदं येतंय. एफ, ए, आय, एल... फेल्ड. खाली, टू लोड. त्याच्या खाली एस, ओ, एफ. मग कंस हाय. कंसात उणे दोन."

"उणे दोन? नक्की?"

"आडवी रेघ अन् दोन. माला दिसतंय म्हनलं न्हवं!"

उणे दोन म्हणजे मागितलेली फाईल जागेवर नाही. नव्या कर्नलनं आवाजासाठी जुना ड्रायव्हर सोडून एसओएफ नावाचा नवा धरला होता, आणि त्या नव्याला स्वतःची एक फर्मवेअरची, म्हणजे कार्डाच्या आत चालणाऱ्या प्रोग्रामची, फाईल लागत होती. जुन्याला ती कधी लागली नव्हती, म्हणून यंत्रात ती नव्हतीच. बाकी काही मोडलं नव्हतं.

गौरीनं मोबाइल वायरनं जोडून इंटरनेट घेतलं आणि त्या फाईलीचं पॅकेज मागवलं. अप्पा ओळ ओळ सांगत राहिले. कुठं अडलं तर न सांगता मान वळवून बघायचे. खुर्चीच्या करकरीवरनं गौरीला ते कळायचं. पॅकेज बसलं. त्यानं लॅपटॉप पुन्हा सुरू केला.

पंखा फिरला. मग तो सपाट, कोरडा, यांत्रिक आवाज खोलीत आला आणि गौरीचं नाव घेऊन पासवर्ड मागू लागला. गौरीनं आवाज थोडा कमी केला आणि प्रीतीला फोन लावला. "आधी फर्मवेअरचं पॅकेज टाक, मग कर्नल," तो म्हणाला. "आणि जुना काढू नकोस." दुसरा फोन शिवप्रियाला होता. तो फोन लांबला. ती रडली, मग अप्पांवर चिडली, मग म्हणाली, "मी रजा टाकते, या तुम्ही."

दुसऱ्या दिवशी सोलापुरात डॉक्टरांनी अप्पांना एका यंत्रापुढं बसवलं आणि हातात बटण दिलं. आत कुठंही ठिणगीएवढा उजेड दिसला की दाबायचं. गौरी बाजूच्या बाकावर बसला होता. ही तपासणी त्यानं स्वतः कितीदा दिली होती. बटणाची टकटक ऐकू यायला लागली. उजव्या डोळ्याला ती बऱ्यापैकी येत राहिली, मधेच थांबायची, पुन्हा यायची. डावा सुरू झाला आणि खोली शांत झाली. एक टक. मग काही नाही. मग, बऱ्याच वेळानं, आणखी एक. त्यानं शिवप्रियाचा हात चाचपला.

डाव्यात फार थोडं उरलंय, डॉक्टरांनी सरळ सांगितलं. उजव्यात बरंच आहे, आणि थेंब चुकवले नाहीत तर ते टिकायला हरकत नाही. अप्पांनी एवढंच विचारलं, "माज्या पोरीचे बी तपासाल का? तिच्या लेकरांचे बी?" शिवप्रियाचे तिथंच तपासले. स्वच्छ निघाले; लेकरांना पुढच्या खेपेला आणायचं ठरलं. तेव्हा कुठं अप्पा खुर्चीवर नीट टेकून बसले.

संध्याकाळी घरी पोचल्यावर अप्पांनी स्वतःच थेंब घालायचा प्रयत्न केला. पहिला गालावर गेला, दुसरा मिशीत.

"आणा इकडं," गौरी म्हणाला.

"तुला दिसतंय व्हय?"

"ह्याला दिसायला लागत न्हाय."

त्यानं अप्पांना खाटेवर उताणं निजवलं. कपाळावर हात ठेवला, भुवई शोधली, अंगठ्यानं खालची पापणी अलगद ओढली आणि त्या हाताच्या बोटावर बाटलीचं टोक टेकवलं. बापाच्या चेहऱ्याला लहानपणानंतर त्यानं हात लावला नव्हता. गालफडं आत गेली होती. दाढीचे खुंट बोचत होते.

"वर बघा, आढ्याकडं."

थेंब पडला. अप्पांची पापणी त्याच्या बोटाखाली थरथरली.

"गार हाय," अप्पा म्हणाले.

"मिटून ठेवा. नाकाजवळचा कोपरा दाबून धरतो मी, न्हायतर औषध घशात उतरतंय."

अप्पांनी डोळे मिटले. गौरीनं कोपरा दाबून धरला आणि तसाच बसून राहिला.