फणसाआडची छत्री

मित्रांनो, आमच्या गावात मला सगळे ‘छत्री’ म्हणतात. माझं खरं नाव डिश अँटेना. रंग उडालेली, काठाला गंज चढलेली अशी मी एक जुनी डिश आहे. पण माझं तोंड अजून आभाळाकडे आहे, आणि मान ताठ आहे.

एका कारखान्यात सपाट पत्र्याला दाबून मला हा खोलगट आकार मिळाला. तिथून ट्रकने कोल्हापूर आणि कोल्हापुरातून एसटीच्या टपावर बसून मी चंदगड तालुक्यातल्या या डोंगरातल्या गावात आले. ती एसटी गणपतराव चालवत होते. मला विकत घेणारे आकाराम त्यांचे शेजारी आणि लहानपणापासूनचे दोस्त.

माझं काम तुम्हाला सांगते. आकाशात फार उंचावर एक उपग्रह आहे. तो पाठवतो ते संदेश मी अंगावर झेलते आणि माझ्या पुढच्या दांड्यावरच्या छोट्या डब्यात गोळा करते. तिथून ते वायरीने टीव्हीपर्यंत जातात. माझं तोंड बोटभर जरी हललं, तरी टीव्हीवर नुसते चौकोन नाचतात, आणि मग काहीच दिसत नाही. आमच्या खोऱ्यात मोबाईललाही धड रेंज नाही. त्यामुळे माझा मान मोठा होता.

संध्याकाळी गणपतराव ड्युटी संपवून आकारामच्या घरी येत आणि दोघे मिळून कुस्त्या बघत. आकारामची लहानगी तेजस्वी समोर मांडी घालून बसायची. एके दिवशी गणपतराव म्हणाले, “आकाराम, पोरगी डाव डोळ्यानं खायल्या बघ. हिला तालमीत घाल.” आकारामला वाटलं, थट्टा चालली आहे. पण गणपतरावांनीच तिला आपल्या गाडीतून कोल्हापूरच्या तालमीत नेऊन सोडलं. तेजस्वी त्यांना तात्या म्हणते. मित्रांनो, ती पहिली कुस्ती शिकली ती माझ्यामुळे, असं मी मनातल्या मनात समजते. मला तेवढा अभिमान असू द्या.

दोन्ही घरांच्या मध्ये गणपतरावांचा फणस होता. तो वाढत वाढत माझ्या समोर आला. पानांमधून उपग्रह मला नीट दिसेना. एका उन्हाळ्यात आकाराम कोयता घेऊन स्लॅबवर चढले आणि त्यांनी फणसांनी लगडलेली फांदी तोडली. न विचारता. गणपतराव निवृत्त होऊन तेव्हा घरीच असत. ते अंगणात येऊन पडलेल्या फणसांकडे बघत राहिले.

“इचारलं असतंस तर मीच तोडून दिली असती की,” एवढंच ते बोलले आणि आत गेले.

त्यानंतर ते आले नाहीत. आकारामही गेले नाहीत. मला चित्र छान मिळू लागलं, पण बघणारं माणूस कमी झालं.

असे दोन उन्हाळे गेले. आणि यंदाच्या मे महिन्यात ती बातमी आली: तेजस्वी राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोचली होती! कुस्ती दुपारी टीव्हीवर दिसणार होती. तिची आई चिमणाबाई सकाळपासून देवापुढे उठबस करत होती. आणि नेमकी त्याच सकाळी वानरं आली. फणस खाऊन झाल्यावर एका थोराड वानरानं झाडावरून थेट माझ्यावर उडी घेतली. माझे नट ढिले झाले, तोंड फिरलं, टीव्ही बंद पडला.

मेकॅनिक बिद्रीला लग्नाला गेला होता. आकाराम स्वतःच पाना घेऊन स्लॅबवर आले आणि मला फिरवू लागले.

“आलं काय?”

चिमणाबाई टीव्हीपासून दारापर्यंत पळत यायची. “आलतं! गेलं!” तिचा आवाज वर पोचेपर्यंत आकारामनी मला आणखी पुढे फिरवलेलं असायचं. माझा जीव तुटत होता. मित्रांनो, मला केसभर फिरवायचं असतं आणि मग क्षणभर थांबायचं असतं. पण घाईत बापाला थांबणं कसं जमावं?

शेजारच्या ओट्यावर गणपतराव हे सगळं ऐकत होते. कुस्तीची वेळ त्यांनाही ठाऊक होती.

“थांब!” ते एकदम ओरडले. दोन उन्हाळ्यांनंतर त्यांच्या तोंडून आकारामसाठी निघालेला हा पहिला शब्द. “तितं कितीबी फिरव, घावायचं न्हाय. वानरांनी वाकवल्याली नवी फांदी आडवी आल्या.”

आकारामची नजर कोपऱ्यातल्या कोयत्याकडे गेली. पण त्यांनी हात लावला नाही. “गणपतदादा, तोडू का?” त्यांनी विचारलं.

“फांदीला ऱ्हाऊ दे, फणसं हाईत तिच्यावर. छत्रीच हिकडं आण. माझ्या स्लॅबवरनं आभाळ मोकळं हाय.”

मग काय धावपळ! आकारामनी माझे बोल्ट सोडले आणि मला खांद्यावर घेतलं. चिमणाबाईने सेट टॉप बॉक्स पदरात बांधला. गणपतरावांनी आपल्या बंद पडून असलेल्या टीव्हीवरचं फडकं काढलं. भोकं पाडायला वेळ नव्हता, म्हणून माझ्या पायावर जांभ्याचे चिरे ठेवले. तरी मी डुगडुगत होते. आकारामनी माझ्या खांबाला मिठी मारली.

“डावीकडं... जरा... बास! आलं! आता हलू नगंस!” खिडकीतून गणपतराव ओरडले.

कुस्ती सुरू झाली होती. आकाराम खाली जाऊ शकत नव्हते. त्यांनी मला सोडलं असतं, तर चित्र गेलं असतं. तापलेल्या स्लॅबवर, घामाने निथळत तो बाप मला धरून उभा राहिला आणि त्याचा दोस्त खिडकीतून एकेक डाव वर सांगू लागला.

“आकाराम, पोरगी मागं हाय!”

आकारामनी वरूनच विचारलं, “पाय बघा की दादा, पाय हलत्यात काय तिचं?”

“हलत्यात! दमली न्हाय अजून! गेली बघ आत... पट धरला! उचलली! आकाराम, चीत! चीत केली रं तिला!”

आकारामनी दोन्ही हात आभाळाकडे फेकले. मी धाडकन आडवी झाले आणि चित्र गेलं. तेजस्वीच्या गळ्यात पदक पडताना त्या घरात कुणालाच दिसलं नाही. चिमणाबाई रडत होती, गणपतराव जिन्यावरून धापा टाकत वर येत होते, आणि मला उचलायला मात्र कुणालाच सवड नव्हती. माझ्या काठाला पोचा आला. तो पोचा मी दागिन्यासारखा मिरवते.

आता मी गणपतरावांच्या स्लॅबवर पक्क्या बोल्टांनी उभी आहे. माझ्या डब्यातून दोन वायरी निघतात, एक त्यांच्या घरात आणि एक आकारामच्या. तरीही संध्याकाळी एकच टीव्ही चालू असतो.

मित्रांनो, तुमच्या घरावर माझी एखादी बहीण असेल, तर वारा-वावटळीनंतर तिचे नट एकदा बघा. तिच्या दांड्यावर ओले कपडे वाळत घालू नका. तिला फिरवायची वेळ आली, तर हळू फिरवा आणि थांबून बघा. आणि कुणाची फांदी आड आली, तर कोयता उचलण्याआधी त्या घरी जाऊन विचारा.

लेकीची कुस्ती बघितली का, असं कुणी विचारलं की आकाराम छाती काढून सांगतात, “बघितली न्हाय. पर माझ्या ह्या हातातनं साऱ्यांनी बघितली!”