फि-ने-स्त्रा

"वहिनी, पोरीला गाण्याच्या रांगेत उभी करू नका. अडखळली की हसतील सगळे, मग आहे ते बोलणंही बंद होईल," नणंद म्हणाली होती. मी ते कानाआड केलं. धाकधूक मलाही होती, पण ठकीला गायचं होतं.

शाळेनं बसवलेलं गाणं इटालियन होतं. कॉलेजात ती भाषा मी शिकले होते. पालथा डबा आणि लाकडी चमचा घेऊन आम्ही मायलेकी स्वयंपाकघरात बसलो. गाण्यातल्या शब्दाचे तुकडे पाडायचे, दर तुकड्याला ठोका, आणि जोर असेल तिथे दणका. खिडकी म्हणजे फि-ने-स्त्रा, दणका मधे. टेबल म्हणजे ता-वो-लो, दणका पहिल्यावर. शहर म्हणजे चित्-ता, दणका शेवटी.

"आई, डबा चेपला."

"चेपू दे. पुढचा शब्द घे."

'खिडकी'च्या 'खि'वर अडकून बसणारी माझी पोर 'फिनेस्त्रा' एका दमात म्हणून गेली.

तालमीच्या दिवशी मी दाराच्या काचेतून बघत होते. कडेला उभ्या ठकीचे ओठ सगळ्यांबरोबर हलत होते, गळा मात्र जागचा हलत नव्हता. मी दार ढकलून आत गेले.

"मीच सांगितलंय, नुसते ओठ हलव म्हणून," गाण्याच्या बाई म्हणाल्या. "मांडीवर थापा मारत गाते हो ती. रांग कशी दिसते? आणि मधेच अडकली तर?"

"तर अडकेल. पण थापा मारेल आणि आवाज काढून गाईल."

"एकीपायी सगळ्यांचं..."

"तिला एकटीला एकदा तरी ऐकलंत?"

बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. ठकी कोणासाठी थांबली नाही. मांडीवर थाप मारून तिनं सुरुवात केली आणि 'फि'वरच अडकली. मागे कोणीतरी खुदकन हसलं. तिनं वळून त्याच्याकडे नीट बघून घेतलं, हात पुन्हा उचलला, 'ने'वर सणसणीत थाप दिली आणि ओळ गाऊन मोकळी झाली.

"बरं, गा. पण हात जरा हळू," बाई म्हणाल्या.

"नाही," ठकी म्हणाली.

कार्यक्रमात ती दोनदा अडकली. दोन्ही वेळा पुढच्या ठोक्याला सगळ्यांना गाठलं. माझ्या शेजारी नणंद स्वतःच्या पर्सवर ठोके देत होती.

तुम्ही कधी मुलांचं गाणं ऐकायला गेलात तर रांगेच्या कडेला उभं असलेलं मूल बघा. ओठांवर जाऊ नका, गळा हलतोय का ते बघा. हलत नसेल तर गाणं संपल्यावर त्याच्याजवळ जा आणि विचारा, तुला गप्प कोणी केलं?